‘बाळाला पाजू नका’ म्हणण्याआधी : औषध दुकानातल्या सहकाऱ्यांना खुलं पत्र

काउंटरमागच्या माझ्या सहकाऱ्यांना, औषध दुकानांच्या मालकांना आणि फार्मसीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. सतरा वर्षं काउंटरमागे उभी आहे, तेव्हा हे पत्र म्हणजे कुणा बाहेरच्याची तक्रार समजू नका. यातली पहिली तक्रार तर माझ्याविरुद्धच आहे.

नोकरीचं तिसरं वर्ष असेल. संध्याकाळची गर्दी होती. एक बाई आली, नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. म्हणाली, “सर्दीवर काहीतरी द्या, रात्रभर डोळा नाही.” मी खणातून नाक मोकळं करणारी नेहमीची गोळी काढली, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणाले, पैसे घेतले. तिच्या खांद्यावर दुपट्याची घडी होती आणि त्या घडीवर ओकलेल्या दुधाचा वाळका पांढरा डाग. तो डाग मला आजही आठवतो, म्हणजे तेव्हा मी तो नक्की पाहिला होता. विचारलं मात्र काहीच नाही.

आठवड्याच्या आत ती परत आली. सर्दी गेली होती. आता तिला पावडरच्या दुधाचा डबा हवा होता. “दूध एकदम कमी झालंय. बाळ ओढतं, सोडतं आणि रडतं.” मी “होतं असं कधी कधी” म्हणाले आणि डबा काढून दिला.

त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. २००३ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अंगावर पाजणाऱ्या आठ मातांना ६० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली, तर पुढच्या चोवीस तासांत त्यांचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. एका मात्रेने! मी त्या बाईला दिवसाला दोन सांगितल्या होत्या. गोळीमुळेच तिचं दूध आटलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. सर्दी, ताप, जागरण, काहीही कारण असू शकतं. पण गोळीही मीच दिली आणि डबाही मीच विकला, आणि दोन्ही वेळा ती मला “थँक्यू” म्हणून गेली. नाक चोंदलं होतं एवढंच, तर नाकात सोडायचे थेंब चालले असते. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन रक्तात फारसं उतरत नाही, तीन-चार दिवस वापरायला हरकत नसते. ते थेंब तिच्या गोळीच्या शेजारच्याच खणात होते.

दुसरी गोष्ट काउंटरच्या पलीकडची आहे. माझी मुलगी तीन आठवड्यांची होती. उजव्या बाजूला गाठ आली, त्यावरची कातडी लालभडक, आणि रात्रीत ताप १०२ वर गेला. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या कुळातलं अँटिबायोटिक लिहून दिलं. पाजण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. घराजवळच्या दुसऱ्या एका दुकानातून औषध आणलं. तिथल्या माणसाने बाळाकडे पाहिलं, खोक्यातला कागद उलगडला, बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “अँटिबायोटिक आहे ताई. कोर्स होईपर्यंत बाळाला देऊ नका.”

माझ्याकडे फार्मसीची पदवी होती. तरी मी ऐकलं. थंडी वाजत होती, डोकं चालत नव्हतं, आणि समोरचा माणूस ठामपणे बोलत होता. दीड दिवस मी बाळाला बाटली दिली. त्या दीड दिवसात दूध दाटून छाती दगडासारखी झाली, पंप लावला की गाठ ठणकायची, आणि थेंब थेंब निघालेलं दूध मी बेसिनमध्ये ओतत होते. बाळ शेजारच्या खोलीत रडायचं, तो आवाज ऐकून पान्हा फुटायचा आणि कपडे भिजायचे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे परत गेले तेव्हा गाठीत पू झाला होता. सुईने काढावा लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला : “पाजणं बंद करायला सांगितलं कोणी?”

त्या कुळातली औषधं दुधात अगदी थोडी उतरतात, आणि त्यातली बरीच तान्ह्या बाळांना थेट सुद्धा दिली जातात. छातीला सूज आल्यावर पाजणं अचानक तोडणं हा तर उलटा उपाय. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने २०२२ साली या दुखण्यावरची आपली मार्गदर्शिका नव्याने लिहिली. बाळ मागेल तसं पाजत राहावं, बर्फाने शेकावं, आयबुप्रोफेनसारखं सूज उतरवणारं औषध घ्यावं, गाठ जोराने चोळू नये आणि छाती ‘पूर्ण रिकामी’ करण्याच्या नादात पंपावर पंप लावू नये, असं ती सांगते. यातली जोरात चोळायची गोष्ट आपल्यापैकी किती जण अजूनही सांगतात ते तुमचं तुम्हीच आठवून पाहा. मीही सांगायचे.

त्या दुकानातल्या माणसावर माझा राग नाही. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि पत्र लिहायचं कारण हेच आहे. आपण “पाजू नका” का म्हणतो? माहिती असते म्हणून नव्हे. माहिती नसते, मागे रांग असते, खोक्यातला कागद ‘शिफारस नाही’ म्हणतो, आणि “नको” म्हटलं की आपण मोकळे होतो. सावधगिरीचा आव आणून अंग झटकायची ही रीत आहे. “खुशाल पाजा” म्हणालो आणि बाळाला जुलाब झाले तर बाप दुकानात येऊन जाब विचारेल. “बंद करा” म्हणालो आणि दूध कायमचं आटलं तर जाब विचारायला कुणीच येत नाही. येते ती आईच, आणि तीही डबा मागायला. म्हणजे आपल्या चुकीची तक्रार आपल्याकडे विक्री बनून येते. अशा व्यवस्थेत चूक सुधारायची कशी?

खोक्यातल्या कागदाबद्दल थोडं बोलते, कारण आपला सगळा भरवसा त्यावर असतो. स्तनपान करणाऱ्या बायकांवर औषध तपासून पाहणं कंपनीला सहसा परवडत नाही आणि रुचतही नाही. म्हणून ‘पुरेशी माहिती नाही, टाळावे’ असं छापून ती मोकळी होते. अभ्यास नाही आणि धोका आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण कागदावर दोन्हीसाठी वाक्य एकच असतं. तो कागद आईसाठी कमी आणि वकिलासाठी जास्त लिहिलेला असतो, असं माझं मत झालं आहे.

दुसरा घोटाळा म्हणजे गरोदरपणातली यादी आपण बाळंतिणीला लावतो. पोटातल्या बाळाला औषध वारेतून रक्तावाटे पोचतं. दुधातून बाळाच्या पोटात जातं ते आईच्या रक्तातून दुधात झिरपलेलं, आणि मग बाळाच्या आतड्यातून आत शिरेल तेवढंच. वाटा वेगळ्या, हिशेब वेगळे. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध गर्भाला घातक ठरू शकतं; पण रक्तातल्या प्रथिनांना ते इतकं घट्ट चिकटून असतं की दुधात जवळजवळ उतरतच नाही, आणि पाजणाऱ्या आईला देता येतं. आयबुप्रोफेन गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत टाळायचं असतं, पण बाळंतपणानंतरच्या दुखण्यावर तेच पहिल्या पसंतीचं. हे माहीत नसलं की ताप आलेल्या बाळंतिणीला आपण हात हलवत परत पाठवतो.

आणि गंमत अशी, की हे समजायला लागणारी विद्या दुकानात फक्त आपल्याकडेच असते. रेणू फार मोठा असेल तर तो दुधात सहसा शिरत नाही. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचं उदाहरण आपण पहिल्या-दुसऱ्या वर्षाला घोकलेलं असतं. प्रथिनांना घट्ट चिकटणारं औषध कमी उतरतं. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे सौम्य अल्कधर्मी औषधं दुधात अडकून राहायची शक्यता जास्त. अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, कमी असलेलं औषध लवकर निघून जातं. तोंडावाटे आतड्यात शोषलंच जात नसेल, तर बाळाच्या पोटात जाऊनही त्याचा काही उपयोग नाही आणि उपद्रवही नाही. परीक्षेत यावर दहा गुणांचं उत्तर लिहिणारे आपण, काउंटरवर बाई समोर उभी राहिली की ते सगळं विसरून कागदावरून बोट फिरवतो!

ढोबळ मापही आहे. बाळाला दुधातून रोज मिळणारी औषधाची मात्रा बाळाच्या वजनाच्या हिशेबाने काढायची, आईची मात्रा आईच्या वजनाच्या हिशेबाने काढायची, आणि पहिली दुसरीच्या किती टक्के येते ते पाहायचं. दहा टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक औषधं चालतात असं धरतात. आयबुप्रोफेनचा आकडा एक टक्क्याच्याही आत येतो. पॅरासिटॅमॉलचा त्याहून जास्त येतो, पण बाळाला ताप आल्यावर आपण ड्रॉपरने जेवढं पाजतो त्याच्या मानाने ते काहीच नाही. अर्थात हा आकडा म्हणजे वेद नव्हे. औषध मुळात विषारी असेल तर पाच टक्केही फार. आणि नवव्या महिन्यात पोचलेल्या, वरचं खाणाऱ्या बाळाला जे सहज झेपतं ते दिवस भरण्याच्या महिनाभर आधी जन्मलेल्या, दहा दिवसांच्या बाळाला झेपेलच असं नाही. म्हणून बाळाचं वय विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

पाठ करायला जमत नसेल तर शोधायला तरी जमलं पाहिजे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने २००६ साली ‘लॅक्टमेड’ नावाचा संग्रह सुरू केला. औषधाचं नाव टाकलं की दुधात किती उतरतं, बाळाच्या रक्तात किती सापडलं, दुधावर काय परिणाम होतो आणि पर्याय कोणता, हे सगळं संदर्भांसह समोर येतं. स्पेनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी ‘ई-लॅक्टान्सिया’ नावाचं असंच संकेतस्थळ उभं केलं आहे. त्यात धोक्याच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत, घाईच्या वेळी तेवढं पुरतं. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मोबाईलवर उघडतात. ज्या मोबाईलवर आपण मालाची ऑर्डर देतो त्याच मोबाईलवर. यात दोन मिनिटं जातात. “ताई, दोन मिनिटं थांबा, बघून सांगते” असं म्हटल्यावर माझा अपमान झाला असं मला आजवर कधी वाटलं नाही, आणि कुठली बाई त्यामुळे उठून गेलेली नाही.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, बाई सगळ्यालाच हो म्हणत सुटली. कोडीन आणि ट्रॅमाडॉल या अफूच्या कुळातल्या वेदनाशामकांचंच उदाहरण पाहा. काही माणसांच्या यकृतात या औषधांचं रूपांतर फार झपाट्याने होतं आणि बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ साली पाजणाऱ्या मातांनी ही दोन्ही टाळावीत असा इशारा दिला. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आपण किती सहज काढून देतो! दुखण्यावरच्या मात्रेतली ॲस्पिरिन नको. ॲलर्जीवरच्या, झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिनपेक्षा सेटिरिझिन किंवा लोराटाडिन बरं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी दूध घटवू शकते, बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे तर ती द्यायचीच नाही. नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी चालते. उलट लेव्होनॉरजेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी घेतली म्हणून पाजणं थांबवावं लागत नाही, तरी ती मागणाऱ्या बाईला आपण कुजबुजत्या आवाजात “मग दूध बंद हं” असं सांगतो, कशाच्या आधारावर कोण जाणे. कर्करोगावरची औषधं आणि किरणोत्सारी आयोडीन यांच्याबाबतीत थांबणं खरंच भाग असतं. मानसिक आजारावरचं लिथियम आणि हृदयाच्या ठोक्यांवरचं अमिओडॅरोन ही डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बोलायचीच नावं नव्हेत.

आणि डोमपेरिडोन. “दूध वाढायची ती गोळी द्या” म्हणून कुणीतरी येतंच. ती उलटी-मळमळीवरची गोळी आहे. दूध वाढणं हा तिचा जोडपरिणाम. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याच्या धोक्यामुळे एफडीएने २००४ सालीच या वापराविरुद्ध इशारा दिला होता. काही ठिकाणी डॉक्टर विचारपूर्वक ती लिहून देतात, तो त्यांचा प्रांत. चिठ्ठीविना, शेजारणीने सांगितलं म्हणून, आपण ती द्यायची नाही.

खरं तर औषधांचे प्रश्न सोपे असतात. अवघड असतं ते “दूध पुरत नाही” हे वाक्य. ते औषधाबद्दल नसतं म्हणून आपण त्याचं उत्तर मांडणीतल्या डब्याकडे बोट दाखवून देतो. पुरतं की नाही हे बाळाच्या लंगोटावरून आणि वजनावरून कळतं. छाती मऊ लागते, पंपातून कमी निघतं किंवा बाळ संध्याकाळी दर वीस मिनिटांनी मागतं, यावरून नाही. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले लंगोट, दोनेक आठवड्यांत जन्माच्या वजनाला पुन्हा पोचलेलं बाळ, एवढं असेल तर बहुतेकदा सगळं ठीक असतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरणं नेहमीचंच, आणि दिवसात आठ ते बारा वेळा पाजणंही नेहमीचंच. सुरुवातीला येणारा चीक चमचाभर दिसतो म्हणून घरचे घाबरतात, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. पान्हा मागणीवर चालतो. बाळ जितकं ओढेल तितकं तयार होतं. एक बाटली दिली की तेवढं ओढणं कमी, मग तेवढं दूध कमी, मग दुसरी बाटली. आठवड्याभरात आईला वाटतं, बघा, खरंच पुरत नव्हतं!

मी आता दोनच प्रश्न विचारते : लंगोट किती ओले होतात, आणि शेवटचं वजन कधी केलं? उत्तर गडबडीचं वाटलं, म्हणजे बाळ सुस्त आहे, लघवी कमी आणि गडद आहे, वजन वाढत नाही, तर तिला तिथूनच डॉक्टरकडे पाठवायचं, त्याच दिवशी. नाहीतर तिला एवढंच सांगायचं की हे चालण्यासारखं आहे. काहींना एवढंच ऐकायचं असतं. एकदा एक बाई हे ऐकून काउंटरवरच रडली. मागे रांग होती. मी तिला खुर्ची दिली, दुसरं काही सुचलं नाही.

स्तनाग्राला चिरा पडल्या म्हणून मलम मागायला येतात, तिथेही हेच. मलम द्या, हरकत नाही. पण चिरा बहुतेक वेळा बाळाच्या तोंडात नुसतं टोक जातं, छातीचा काळा भाग जात नाही, म्हणून पडतात. ते काउंटरवरून दिसत नाही आणि तिथे पाहायची गोष्टही नाही. पाजताना बघणारं जाणतं माणूस लागतं. आपल्या परिसरात असं कोण आहे, कुठली परिचारिका, कुठली स्तनपान सल्लागार, हे नाव आणि नंबर लिहिलेला कागद गल्ल्याजवळ असावा. माझ्याकडे तो कागद यायला अकरा वर्षं लागली, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मालकांनो, आता तुमच्याशी. पहिली गोष्ट, या प्रश्नांना उत्तर देतो कोण? दहातल्या आठ वेळा तो नव्याने लागलेला मुलगा, ज्याचं काम खरं तर माल काढून देणं एवढंच आहे. त्याचा दोष नाही. “मला माहीत नाही” म्हणायची परवानगी त्याला कुणी दिलेलीच नसते. त्याला एकच वाक्य शिकवा : “बाळ अंगावर असेल तर मॅडमना विचारतो.” दुसरी गोष्ट, डब्यांची मांडणी. २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांबद्दलची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विक्रीच्या जागी जाहिरात नको, खास मांडणी नको, सवलतीची कुपनं नकोत, फुकट नमुने नकोत, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि आपल्या काउंटरवर पेन, कॅलेंडर, वजनाचा तक्ता, सगळ्यांवर तेच गुबगुबीत बाळ हसत असतं. डब्यांची कंपनी आपल्या पोरांना ‘प्रशिक्षण’ द्यायला येते तेव्हा ती काय शिकवणार हे सांगायला पाहिजे का?

याचा अर्थ डबा घेणाऱ्या बाईला भाषण द्यायचं असा मुळीच नाही. तिला काय सोसावं लागलं ते आपल्याला माहीत नसतं. काहींना दूध खरंच कमी येतं, काहींची औषधं आड येतात, काहींनी विचार करून ठरवलेलं असतं. तिला मदत करायची ती डबा नीट कसा बनवायचा हे सांगून. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या गरम पाण्यात ती मिसळायला आणि मग कोमट करून पाजायला सांगते. पुरवठ्याला यावी म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घालू नये. हे मी शेकडो डबे विकताना एकदाही सांगितलं नव्हतं. आपण बाटलीवाल्या आईलाही धड सल्ला देत नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना मोजकंच सांगते. चार वर्षांत स्तनपान माझ्या वाट्याला आलं ते एका पानावरच्या तक्त्यात, आणि तोही ‘टाळावयाची औषधे’ असा. टाळायचं काय हेच शिकवलं तर आम्ही टाळायलाच शिकणार. मुलांना लॅक्टमेड उघडून खरा प्रश्न सोडवायला लावा, प्रत्यक्ष आयांशी बोलायला बसवा. परवाना दर वेळी नव्याने करून घेताना जे वर्ग भरतात त्यात मधुमेहावर चार व्याख्यानं असतात, त्यातलं एक इकडे वळवा. आणि दुकानांत अधूनमधून कुणीतरी आई बनून प्रश्न विचारायला पाठवा, शिक्षा करायला नव्हे, उत्तर ऐकायला. पहिल्यांदा माझ्या दुकानात पाठवा, माझी ना नाही.

पहिल्या तासात छातीशी, सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षं आणि पुढेही : हे भित्तिपत्रक आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे. त्याच भिंतीखाली उभे राहून आपण तिसऱ्या आठवड्यात “पाच दिवस बंद” म्हणतो.

ती दुपट्यावर डाग असलेली बाई पुन्हा कधी दिसली नाही, किंवा दिसली असेल तर मी ओळखली नाही. सर्दीच्या गोळ्यांच्या खणावर मात्र मी चिकटपट्टीवर लिहून ठेवलं आहे : “बाळ अंगावर आहे का? किती महिन्यांचं?” शाई दर काही महिन्यांनी पुसट होते, मग परत गिरवते. परवा नव्या मुलाने विचारलं, मॅडम, हे पुरुष गिऱ्हाइकालाही विचारायचं का? मी हो म्हणाले. गोळी बहुतेकदा नवराच न्यायला येतो.

आपली,
काउंटरमागची एक सहकारी